चपलांचा नंबर

अन्याय झाला तो माझ्या आत्यावर. आणि तिच्याबरोबर त्या सकाळी आपापली चप्पल, दगड, पिशवी, रिकामा तांब्या रांगेत ठेवून उन्हात बसलेल्या माझ्या गावच्या माणसांवर. केव्हा झाला तेही सांगते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की साथीच्या गडबडीत कुणाचं काय झालं ते कुणालाच आठवत नाही. मला आठवतं. २०२१ चा मे महिना, पहिला आठवडा. अठरा वर्षांपुढच्या सगळ्यांना लस खुली झाली म्हणून टीव्हीवर गाजावाजा झाला, आणि त्यानंतर आमच्या गावच्या सरकारी दवाखान्यात अठरा ते चव्वेचाळीस वयाच्या माणसांसाठी पहिल्यांदा लस आली, तो मंगळवार. सकाळी दहाला अन्याय सुरू झाला आणि जेवणाच्या सुट्टीच्या आत संपला. कुणी थांबवला म्हणून नाही. लस संपली म्हणून.

मी कार्यकर्ती आहे त्या संघटनेत पत्रक लिहायला शिकवतात तेव्हा पहिली गोष्ट सांगतात: 'अन्याय झाला' असं लिहून थांबू नका, कुणी केला ते लिहा. तेही लिहिणार आहे. पण आधी आत्या.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. गावातल्या गावातच दिलेली, त्यामुळे माझं निम्मं लहानपण तिच्या चुलीपाशी गेलं. नगर जिल्ह्यात, काष्टीच्या बाजाराला जाणाऱ्या रस्त्यावरून आत वळलं की आमचं गाव. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत आत्या पोरांची खिचडी शिजवते. साथीच्या दुसऱ्या लाटेत शाळा बंद होती आणि वर्गांमध्ये गावातले पॉझिटिव्ह निघालेले लोक आणून ठेवले होते. पोरांच्या जागी पेशंट आले. चूल तीच, बाई तीच. ग्रामपंचायतीने तिला सांगितलं, दोन वेळचं तूच कर. तिने केलं. भाकरी, डाळ, वांग्याची नाहीतर बटाट्याची भाजी. वर्गाच्या दारात ताटं ठेवायची, दोन पावलं मागं सरायचं आणि ओरडायचं, "घ्या ओ, गार हुतंय!"

ती माणसांना हसवायची. तिसरीच्या वर्गात आमचे एक लांबचे चुलते होते, जे लहानपणी त्याच वर्गातून शाळा सोडून पळाले होते. आत्या रोज दारातून म्हणायची, "नाना, औंदा तरी तिसरी पास व्हा. चौथीत जागा रिकामी हाय."

तिला साखरेचा आजार होता. बऱ्याच वर्षांपासून. गोळ्या चालू होत्या. आणि रोज दोन वेळा ती त्या वर्गांच्या दारात उभी राहत होती, तोंडाला पदर आणि पदराच्या आत मी आणलेला मास्क.

वर्षाच्या सुरुवातीला लस पहिल्यांदा आली ती दवाखान्यातल्या कर्मचाऱ्यांना, मग पोलिसांना, मग आणखी कुणाकुणाला. तेव्हा नाही, पण एप्रिलात शाळेत पेशंट आले तेव्हा आत्याने विचारलं, मला मिळंल का. उत्तर आलं, तुम्ही कर्मचारी नाही, मानधनावर आहात. आत्या म्हणाली, "कर्मचारी न्हाई तर मी रोज कुनाच्या वरातीला वाढते?" तोवर पंचेचाळीस वर्षांपुढच्यांनाही लस सुरू झाली होती. आत्या बेचाळीस वर्षांची. "तीन वर्सं थांबा म्हंत्यात. मग करोनाला बी सांगा म्हनावं, जरा दम धर, बाई अजून वयात आली न्हाई."

म्हणून ती वयाची अट उतरली तेव्हा आत्याला जो आनंद झाला, तो मी विसरलेले नाही. ती आनंद दाखवणारी बाई नाही. तिने फक्त दुसऱ्या दिवशीच्या डाळीला लसणाची फोडणी जास्त दिली आणि मला म्हणाली, "एकदा टोचून घेते. मग त्या वर्गांत आत जाऊन वाढते."

आता आमच्याकडची रांग कशी असते ते सांगावं लागेल, कारण शहरातल्या माणसाला ते ठाऊक नसतं आणि सगळा घोळ तिथेच आहे.

आमच्या गावात माणूस रांगेत उभा राहत नाही, वस्तू उभी राहते. रेशनचं दुकान उघडायच्या आधी, पाण्याचा टँकर यायच्या आधी, खताची गाडी यायची असली की, भल्या पहाटे जाऊन तुम्ही तुमचा एक दगड ठेवता. नाहीतर पिशवी, हंडा, चप्पल. त्याला नंबर लावणं म्हणतात. मग घरी जाऊन धार काढा, भाकऱ्या थापा, पोराला न्हाऊ घाला. तुम्ही परत येईपर्यंत तुमचा दगड म्हणजे तुम्ही. आमच्या गावात सख्खे भाऊ एकमेकांचा बांध कोरतात. नांगराच्या फाळाने दरवर्षी वीतभर जमीन चोरतात आणि त्यावरून तालुक्याच्या कोर्टात जातात. पण दुसऱ्याचा रांगेतला दगड कुणी सरकवत नाही. मी तरी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. कुणाची चप्पल कुणाची हे सगळ्यांना ओळखू येतं. आत्याच्या चपलेचा एक अंगठा तारेने बांधलेला होता.

सोमवारी संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या भोंग्यावर सांगितलं, उद्या अठरा ते चव्वेचाळीसची लस, ॲपवर नोंदणी केलेल्यांनाच. नोंदणी तर झाली होती. अर्ध्या गल्लीची मीच केली होती, ज्याच्या-त्याच्या फोन नंबरावर. पण नोंदणी वेगळी आणि वेळ मिळणं वेगळं. वेळ ॲपवर उघडायची, कधी उघडेल ते कुणी सांगायचं नाही, आणि उघडली की जो आधी बोट लावेल त्याची. आमच्या गावात रेंज फक्त पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर येते. मी चार दिवस त्या जिन्यावर बसून होते. स्क्रीन सगळी इंग्रजीत. हिरवा चौकोन दिसला की तो दाबायचा, मग फोनवर आकडे येणार, ते भरायचे. आकडे यायच्या आत चौकोन लाल. खालून आत्या विचारायची, "घावलं का गं?" मी वरून म्हणायचे, "नाही." "मग उतर खाली, चक्कर यील. लस मिळायच्या आधी टाकीवरनं पडून मरशील, तर लोकं म्हनतील लशीनंच मेली."

मी सांगितलं होतं सगळ्यांना. वेळ मिळालेली नाही, म्हणजे उद्या आपलं नाव यादीत नसणार. आत्याने हात झटकला. "आपल्या गावचा दवाखाना हाय. सिस्टर आपली हाय. नावं तू घातलीच हायेत. आता नंबर लावायचा ऱ्हायला." शेजारपाजारचे सगळे हेच म्हणाले. यात वेडेपणा काय होता? नाव दिलं, दवाखाना गावातला, मग जो आधी येईल त्याचा नंबर आधी. जगात यापेक्षा सरळ नियम मला तरी माहीत नाही. मीही माझी चप्पल ठेवली.

सकाळी दवाखान्याच्या फाटकापासून हापशापर्यंत चपलांची ओळ लागली होती. आणि मग गाड्या आल्या.

गाड्या एमएच बारा, एमएच चौदा. पुण्याच्या, पिंपरी-चिंचवडच्या. आमच्या गावात इतक्या गाड्या त्याआधी एकदाच आल्या होत्या, आमदारकीच्या प्रचाराला. टाळेबंदी होती, एसटी बंद होती, काष्टीला भाजी घेऊन जाणाऱ्या माणसाला पोलीस परत पाठवत होते. या गाड्यांना काचेवर पास होता. लसीकरणासाठी प्रवास, अत्यावश्यक.

गावाला वाटलं, पुण्याहून मोठे डॉक्टर मदतीला आले. खरंच वाटलं. माणसं तशीच दिसत होती: स्वच्छ कपडे, दोन-दोन मास्क, हातात पाण्याच्या बाटल्या. आत्याने मला कोपर मारलं. "बघ. तू म्हनत हुतीस, सरकारचं लक्ष न्हाई." समोरच्या घरातून दोन जणांनी खुर्च्या आणल्या, ग्रामपंचायतीतून बाकडं आणलं, आणि दवाखान्याच्या पडवीत जेवढी म्हणून सावली होती तेवढीत पाहुण्यांना बसवलं. आम्ही उन्हात. कुणीतरी माठातलं पाणी आणून दिलं. त्यांनी हात जोडून नको म्हटलं आणि आपापल्या बाटल्या काढल्या.

दहाला सिस्टर बाहेर आली आणि तालुक्याहून लस आणतानाच फोनवर घेतलेली नावं वाचायला लागली. आमच्या गावात आडनावं मोजकी. तिने वाचलेलं एकही आडनाव गावातलं नव्हतं. एकेक खुर्ची रिकामी होत होती, माणूस आत जात होता, दंड दाबत बाहेर येत होता. पाचव्या-सहाव्या नावाला आत्या उठली.

"सिस्टर, नंबर आमी लावलाय."

"काकू, यादी फोनवर आलीय."

"मग फोनवर आमचं नाव बघा की. ह्या पोरीनं घातलंय."

"नाव हाय, पण वेळ न्हाई तुमाला. ज्यांना वेळ हाय, त्यांनाच. वरनं तसं हाय. मी तुमाला दिली तर उद्या माझी चौकशी." सिस्टरचे डोळे लाल होते, दोन महिने तिने सुट्टी घेतली नव्हती. "काकू, माझ्या हातात फकस्त सुई हाय."

तेव्हा कुठे गावाच्या लक्षात आलं की हे डॉक्टर नव्हेत, आपल्यासारखेच लस घ्यायला आलेले लोक आहेत. आणि आपण त्यांना खुर्च्या दिल्यात.

मी बोलायला गेले. माझं काम तेच. सावलीतल्या एका माणसाला विचारलं, तुम्ही इथे कसे? तो उद्धट नव्हता. उलट फार समजावून बोलला. "ताई, पुण्यात स्लॉट मिळतच नाही. आमचा ऑफिसचा ग्रुप आहे. त्यावर आमच्यातल्या एकाने असं काहीतरी बनवलंय की आजूबाजूच्या जिल्ह्यात कुठलाही पिनकोड उघडला की लगेच मेसेज येतो. तुमचा काल उघडला."

"आणि आमच्या लोकांचं काय?"

"तुम्ही शिकलेल्या दिसता. तुम्ही यांना बुकिंग शिकवायला हवं."

"शिकवलंय. रेंज शिकवता येत नाही."

एक बाई मध्ये पडल्या. माझ्याहून थोड्या मोठ्या. "आम्ही चोरी केली का? घरी ऐंशी वर्षांच्या सासूबाई आहेत, मला बाहेर जावं लागतं, मी लस घेऊ नको?" त्यांचं खोटं नव्हतं. मी त्यांना तेव्हा काय उत्तर दिलं ते इथे छापण्यासारखं नाही, पण त्यांचं खोटं नव्हतं, आणि माझ्या संतापाचं मूळ तेच आहे. चोरी झाली असती तर पोलीस पाटलाकडे गेलो असतो. इथे तर कुणी नियम मोडलाच नव्हता. नियमच असा केला होता की ज्याच्याकडे गाडी, रेंज, इंग्रजी आणि नोकरीत रिकामा वेळ, त्याची लस. आणि ती घ्यायला त्याला आमच्या गावात पाठवलं, कारण आमच्या गावाच्या नावावर लस आली होती. म्हणजे कागदावर आमच्या गावाला लस मिळाली. आजही मिळालेलीच आहे.

मग ती चपलेची गोष्ट झाली. एक तरुण गाडीकडे परत जाताना फाटकाशी अडखळला आणि त्याने बुटाने चपला बाजूला सारल्या. दोन-तीन. त्यात आत्याची होती.

हापशापाशी बसलेला एक म्हातारा ओरडला, "ओ पाव्हणं! नंबर हाय त्यो!"

तो थांबला. खाली बघितलं. "नंबर? ही चप्पल?" आणि हसला. कुचेष्टेनं नाही; त्याला खरंच कळलं नव्हतं. त्याला वाटलं, कुणी चपला विसरून गेलंय.

भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. आत्या पुढे गेली. "सायेब, लस घेतली ना? घ्या, चांगलं झालं. पन ती चप्पल जिथं हुती तिथं ठिवा."

"सॉरी, सॉरी," म्हणत त्याने वाकून ती तारेने बांधलेली चप्पल उचलली आणि जागेवर ठेवली. मग हातावर सॅनिटायझर चोळलं. गाडीत बसला, गेला. थोड्या वेळाने सिस्टरने बाहेर येऊन सांगितलं, आजची संपली. लोकांनी आपापल्या चपला घातल्या, दगड मात्र तिथेच राहिले. आत्या शाळेत गेली, कारण दुपारच्या भाकऱ्या राहिल्या होत्या.

मी पत्रक लिहायला बसले. त्या दिवसांत मी एरवी नगरजवळच्या केडगावला राहून संघटनेचं काम करायचे आणि आम्ही लसीवर आधीच एक पत्रक काढलेलं होतं. त्यातलं सगळं दूरचं होतं. श्रीमंत देशांनी आपल्या लोकसंख्येच्या कितीतरी पट लस आगाऊ नोंदवून ठेवली. आपल्या देशाने आणि दक्षिण आफ्रिकेने मिळून मागणी केली की साथ आहे तोवर लसीवरची पेटंटची मक्तेदारी उठवा, ज्याला बनवता येईल त्याला बनवू द्या; श्रीमंत देशांनी ती चर्चेत घोळत ठेवली. गरीब देशांसाठी जी लस जायची होती त्यातली पुष्कळ पुण्यात बनत होती. पुणे, म्हणजे आमच्या गावापासून गाडीने दोन-अडीच तास. आणि दुसरी लाट आली तेव्हा आपल्याकडच्या लोकांना आधी हवी म्हणून आपल्या सरकारने बाहेर जाणारी लस थांबवली. आफ्रिकेतले कित्येक देश त्यामुळे रिकाम्या हाताने बसून राहिले. तिथल्या दवाखान्यातल्या नर्सना दुसरा डोस मिळाला नाही.

आमच्या नावाने थांबवली. हे मी त्या मंगळवारनंतर पुन्हा वाचलं तेव्हा हिशेब लागला. तिकडच्या कुठल्या तरी गावातल्या खिचडी शिजवणाऱ्या बाईची लस माझ्या आत्याच्या नावाने अडवली, आणि माझ्या आत्याला मात्र मिळाली नाही. ती सावलीतल्या खुर्चीत गेली.

आत्याला मी हे सगळं सांगितलं, ती पीठ मळत असताना. तिने नीट ऐकलं. ती नेहमी नीट ऐकते आणि मग एकच काहीतरी बोलते. "म्हंजी पुन्याच्या पुढं बी एक पुनं हाय म्हन की. त्यांच्याकडं बी गाड्याच असतील."

"त्यांच्याकडं विमानं आहेत, आत्या."

"मंग आपून आफ्रिकेवाल्यांस्नी काय म्हनायचं? रांगंत चपला ठिवू नका म्हनावं."

त्याच आठवड्यात मला आत्याच्या नावाने एक वेळ मिळाली. टाकीच्या जिन्यावर, हिरवा चौकोन, आणि आकडेही वेळेत आले. मी किंचाळले. केंद्र होतं बेलापूरकडचं. श्रीरामपूरजवळ, म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक. आम्ही इकडे भीमेच्या अंगाला, ते तिकडे प्रवरेच्या. आत्या हसायलाच लागली. "अगं, तिकडं माझी सोयरीक सुदिक न्हाई." पण तिला जायचं होतं. एक कांद्याचा टेम्पो नगरला निघाला होता, भाजीपाल्याचा पास असलेला. पुढे श्रीरामपूरकडे जाणारा दुसरा टेम्पो केडगावला मिळणार होता. दुपारच्या जेवणाचं शेजारणीला सांगितलं. पहाटे आम्ही दोघी कांद्याच्या गोण्यांवर बसलो. आत्याने नवी साडी नेसली होती. मी म्हटलं, लग्नाला निघालीस का? म्हणाली, "सरकारी काम हाय. नीटनेटकं जावं."

केडगावला पुणे रस्त्यावर टेम्पो थांबला आणि तिथे फोनला भरभरून रेंज आली. रेंजबरोबर मेसेज आला. साठा नसल्यामुळे आजचं सत्र रद्द. पुढे आठ-दहा दिवसांत कळलं की आमच्या वयाच्या गटाचं लसीकरण राज्यातच सध्या थांबवलंय.

आत्याला वाचून दाखवलं. ती रस्त्याकडे बघत होती. पुण्याकडून नगरकडे जाणारा रस्ता, मोकळा, मधूनच एखादी ॲम्ब्युलन्स. म्हणाली, "लस लांबची हाय, पर मेसेज बघ कसा येळेवर आला." मग म्हणाली, "चल. परतीचं वाहन बघ. दुपारची माणसं उपाशी हायेत."

महिन्याच्या शेवटी तिला ताप आला.

ती शाळेतच गेली, तिसरीच्या वर्गात, पेशंट म्हणून. स्वयंपाक मी करायला लागले. दारात ताट ठेवलं की आतून आवाज यायचा, "मीठ इसरलीस का गं, का ते बी ॲपवर बुक करायचं हाय?" चौथ्या दिवशी आवाज आला नाही. ऑक्सिजन खाली गेला होता. नगरला नेलं. बेड कसा मिळाला, किती दारं वाजवली, ते मी लिहीत नाही. त्या उन्हाळ्यात ते ज्याच्या त्याच्या वाट्याला आलं. तिला स्टेरॉइड द्यावं लागलं. साखर भडकली. ती जगली. घरी आली, आठ दिवसांनी गाल दुखतोय म्हणाली, मग डोळा सुजला. काळी बुरशी. त्या आजाराचं इंजेक्शनही मिळत नव्हतं. त्याचीही रांग होती आणि त्या रांगेतही आमचा नंबर लागला नाही. आत्याचा उजवा डोळा काढला.

तिथल्या एका तरुण डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन समजावलं की मेच्या पहिल्या आठवड्यात एक डोस मिळाला असता तरी काय झालं असतं ते नक्की सांगता येत नाही. बरोबर आहे. सांगता येत नाही. पुण्याच्या त्या तरुणालाही सांगता येणार नाही की डोस नसता तर त्याचं काय झालं असतं. फरक एवढाच की त्याने डोस घेऊन पाहिला, आणि माझ्या आत्याने न घेता.

आणि मग लस आली. केव्हा? सगळं झाल्यावर. थंडीत. इतकी आली की घरोघर घेऊन फिरायला लागले. भोंग्यावर रोज, गैरसमज बाळगू नका, लस सुरक्षित आहे. काही ठिकाणी तर लस घेणाऱ्यांसाठी बक्षिसाच्या सोडती होत्या. तालुक्याहून एक साहेब आले, शाळेच्या पटांगणात गाव गोळा केलं आणि म्हणाले, ग्रामीण भागात लसीबद्दल अज्ञान फार आहे, ते दूर करायला आपण आलो आहोत.

आत्या पहिल्या ओळीत बसली होती, डोळ्यावर पांढरी पट्टी. उठली.

"सायेब, अज्ञान कुनाचं? आमी मे महिन्यात नंबर लावला हुता. हापशापातूर चपला हुत्या. उशीर तुमाला झाला, आमाला न्हाई."

साहेब म्हणाले, "मावशी, राजकारण नको."

"राजकारन कशाचं? डोळा ग्येला माझा. घालायची ती सुई घाला लवकर, मला चूल पेटवायचीय." आणि तिने तिथेच दंड पुढे केला. दुसऱ्या दिवशी तिचा फोटो तालुक्याच्या ग्रुपवर फिरला. दिव्यांग महिलेने घेतली लस, इतरांपुढे आदर्श. खरं सांगते, त्या फोटोइतका राग मला चपलेचाही आला नव्हता.

त्याच थंडीत श्रीमंत देशांत तिसरा डोस चालू होता आणि आफ्रिकेतल्या कित्येक देशांत बहुतेकांना पहिलासुद्धा मिळाला नव्हता. उरलेली लस त्यांच्याकडे पाठवली गेली ती पुष्कळदा मुदत संपत आलेली. उतरवून घेऊन वाटेपर्यंत संपायची. आणि मग तिथेही कोणी तरी साहेब पटांगणात उभा राहून म्हणालाच असणार, अज्ञान फार आहे. मी त्याला पाहिलेलं नाही. पण त्याचं भाषण मला पाठ आहे.

आत्या आजही शाळेत खिचडी शिजवते. एका डोळ्याने अंतर कळत नाही. पातेल्याची कड जवळ आहे की लांब, ते हात लावल्यावर समजतं. तिच्या बोटांवर भाजल्याचे डाग असतात. पोरांना सांगते, "आता मी सगळ्यांकडं एकाच डोळ्यानं बघते, मंग समद्यांना सारखंच वाढनार." पोरं हसतात. मला हसू येत नाही.

मला सांगतात, आता सोड. साथ संपली, माणसं गेली ती गेली, वाचली ती वाचली. आमच्या संघटनेतसुद्धा काही जण म्हणतात, विषय जुना झाला. जुना कसा? कायद्यात काय बदललं? पुढची साथ आली तर लस बनवायची कृती कुणाच्या तिजोरीत असणार आहे? आमच्या गावाच्या नावावर आलेली लस कुणाच्या फोनवर उघडणार आहे? ज्याने नियम केला त्याला कुणी एक प्रश्न विचारला का? मी म्हटलं होतं, कुणी केलं ते लिहीन. हा घ्या पत्ता: ज्यांनी साथीच्या दिवसांतही लस ही विकायची वस्तू ठरवली ते श्रीमंत देशांतले लोक, ज्यांनी रेंज नसलेल्या गावाला फोनवरून रांग लावायला सांगितलं ते आपले अधिकारी, आणि ज्यांना पडवीतून ती उन्हातली माणसं दिसत होती, तरी ज्यांनी खुर्ची सोडली नाही, ते तुम्ही.

होय, तुम्ही. मराठी पुस्तक विकत घेऊन वाचणारे. तुमच्यातले सगळे नाही, पण कोण होते ते तुम्हाला ठाऊक आहे. अजूनही गप्पांत सांगता ना, "आम्ही तर कुठल्या कुठल्या खेड्यात जाऊन घेतली, मस्त ड्राइव्ह झाली!"

तुमच्या फोनमध्ये लसीचं सर्टिफिकेट आहे. त्यावर कुठे टोचलं ते छापलेलं असतं. आत्ता काढा. तुमच्याच गावाचं, तुमच्याच वॉर्डाचं नाव असेल तर तुमच्याकडे एकच काम आहे: तुमच्या खासदाराला लिहा की पुढच्या साथीत लसीची कृती कुणा एकाची मालमत्ता राहता कामा नये, आणि उत्तर येईपर्यंत लिहीत राहा. पण तिथे जर अशा गावाचं नाव असेल, जिथे तुम्ही त्याआधी कधी गेला नव्हता आणि त्यानंतर कधी गेला नाहीत, तर त्या गावाच्या पुढच्या ग्रामसभेला जा. माफी मागू नका, माफीने डोळा येत नाही. उभे राहा, तुमची लस इथल्या कुणाच्या वाट्याची होती ते विचारा, आणि 'ज्या गावात लस येईल त्या गावच्या माणसाला ती आधी' या ठरावाखाली बाहेरचा साक्षीदार म्हणून सही करा. तालुक्या-तालुक्यातून आम्ही हे ठराव गोळा करतोय. गावाची सही आहे. तुमची हवी आहे.